शेत विकलं, आता येळवस कुठं करायची?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठाला. मी नोकरीमुळं पुण्यात. गेल्या उन्हाळ्यात राहिलेलं साडेतीन एकर विकलं. कारणं नेहमीचीच, वडील गेले, बटईवाला सोडून गेला, बहिणींच्या सह्या झाल्या, त्यात जात नाही. पैसे वाटून झाले आणि मला वाटलं विषय मिटला.

आता १९ डिसेंबरला येळवस. काल आई विचारूलाली की ताक आंबवायला ठेवू का. मी म्हणलं कशाला? तर म्हणे येळवस आहे की रे. मी म्हणून गेलो, आई, शेत कुठं राहिलंय आता? ती काहीच बोलली नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आत गेली. तेव्हापासून डोक्यात तेच फिरूलालंय.

तर प्रश्न असा, ज्याला शेत नाही त्यानं येळवस करावी का आणि करावी तर कुठं? बायको म्हणते गच्चीवर पाच दगड मांडू, भाव महत्त्वाचा. आई म्हणते फरशीला काय जेवू घालायचं. कुणी असं केलंय का?

जालनेकर
आधी मला सांगा येळवस म्हणजे काय? मी पण मराठवाड्यातलाच आहे पण आमच्याकडं हा सण कुणी करत नाही. अमावस्येला घराबाहेर पडू नको एवढंच ऐकलेलं.

उदगीरवाली
जालनेकर भाऊ, मराठवाडा म्हणजे काय एकच गाव आहे का :) येळवस लातूर-धाराशिवची, नांदेड-बीडची थोडी कड, पलीकडं सोलापूर, आणि खाली बीदर, कलबुर्गी. मार्गशीर्षातली अमावस्या. कॅलेंडरात दर्शवेळा अमावस्या लिहितात. लातूरला कलेक्टर त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'शहरात अघोषित संचारबंदी' ही बातमी येते. दरवर्षी तीच, फक्त फोटो बदलतो.

त्या टायमाला बघा, हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी पोटरीत, तूर भरलेली, म्हणजे रान भरलंय पण हातात अजून काही आलेलं नाही. माझी सासू याला रानाचं डोहाळजेवण म्हणते. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून शेंडे एकत्र बांधायचे, त्याला कोप म्हणायचं, वरून शाल नाहीतर नवं लुगडं. आत पाच दगड मांडायचे चुन्यानं पांढरे करून, वर काव लावायची, हे पांडव. लक्ष्मीची पूजा. घरचा माणूस घोंगडं पांघरून आंबिलाचं (आंबवलेल्या ताकाचं) बिंदगं, म्हणजे लहान घागर, डोक्यावर घेऊन येतो, बायांच्या डोक्यावर जेवणाच्या पाट्या. पूजा झाली की सगळ्यातलं थोडं थोडं आंबिलात कालवून रानभर शिंपायचं, तो चर. एकजण पुढं शिंपत चालतो आणि मागून पोरं वरडतात, ओलगे ओलगे सालम पोलगे!

आणि मग जेवण. बाजरीची भाकरी, उंडे, गव्हाचा खिचडा, तिळाची पोळी, धपाटे, आणि भज्जी. भजी नाही, भज्जी. हा फरक ज्याला कळला तो आपला.

मांजराकाठ दादा, तुमच्याबद्दल लिहिते सावकाश, आता डबे भरायचेत.

चिंचगूळ
भज्जी म्हणजे बेसन लावलेली पालेभाजी समजणाऱ्या लोकांना मी घरात घेत नाही. तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, कांद्याची पात, मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर, वांगं, जे रानात असंल ते. चिंचेचं पाणी. डाळीचं पीठ लावून रटरट शिजवायची. ताट वाकडं केलं तर वाहिली पाहिजे पण पळाली नाही पाहिजे.

जालनेकर
वाहिली पाहिजे पण पळाली नाही पाहिजे, हे काय माप आहे काकू

चिंचगूळ
काकू नाही, काका आहे मी.

सीमाभागी
आम्ही भालकीकडचे. घरात मराठी, शाळा कानडी, सण दोन्हीकडचे. आमच्याकडं एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. तिळाच्या पोळ्या होतात म्हणून तिळाची अमावस्या. तुमच्या लोकांना एळ्ळ म्हणता येईना म्हणून येळ, मग कुणीतरी शिकलेल्यानं शुद्ध करून वेळ केलं. आणि उदगीरवाली ताई ज्याला चर म्हणतात त्याला कानडीत चरग म्हणतात, चरग चेल्लोदु म्हणजे चरग शिंपणे. आरोळी पण आमच्याकडं हुलिगो हुलिगो सलांब्रिगो अशी काहीतरी आहे. तुमचं सालम पोलगे तिकडूनच आलेलं दिसतंय.

तेरणाकाठचा
सीमाभागी, तिळाचं जरा थांबवा. आमचे गुरुजी सांगायचे कानडीत एळु म्हणजे सात. मृगाची पेरणी झाली की पहिली अमावस्या ज्येष्ठाची. आता बोटं मोजा. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. सात भरले. पेरणीपासनं सातवी अमावस्या आणि रानाला सातवा महिना, म्हणून डोहाळजेवण. सगळं बसतंय बरोबर.

सीमाभागी
बसतंय म्हणून खरं असतंय असं नाही. एका ळ चा फरक आहे, जड म्हणलं तर तीळ आणि हलका म्हणलं तर सात.

उदगीरवाली
आणि मराठीत वेळ म्हणजे वेळ. करा आता तिन्ही बाजूनी भांडण.
पण सीमाभागींचं एक खरंय. १९५६ पर्यंत बीदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच तुकडा. बाजार एक, सोयरीक एक. माझ्या माहेरच्या निम्म्या आत्या बीदरकडं दिलेल्या. राज्यं वेगळी झाली, भज्जी कशी होणार वेगळी.

उजेडात
धार्मिक भावना दुखवायच्या नाहीत पण पांडवांचा शेतीशी काय संबंध? रानात पाच-सात दगड मांडून पुजायची रीत लई जुनी आहे, आसरा आहेत, म्हसोबा आहे. पाच दगड होते म्हणून मागनं पांडव म्हणाले असतील. महाभारतात कुठं आंबील प्यायलेत ते?

चिंचगूळ
वनवासात काय पुरणपोळी खाल्ली का मग

तेरणाकाठचा
पांडव म्हणा नाहीतर आसरा म्हणा, दगडाला काय फरक पडतोय. धागा भरकटला. मांजराकाठ, आमच्या एका मित्रानं पुण्यात खराडीला केलती येळवस गच्चीवर. कडबा मिळाला नाही म्हणून उसाचे वाढे आणून कोप केली. सगळं व्यवस्थित झालं. संध्याकाळी गड्याला हौस आली हेंडगा पेटवायची (जालनेकर, हेंडगा म्हणजे कडब्याची पेटवलेली पेंढी, ती घेऊन रानाला फेरी मारतात). गच्चीवर जाळ बघून सोसायटीचा वॉचमन पळत वर. आता शिव्या पडतात की पोलीस येतात अशी सगळी गार. तर वॉचमन निघाला निलंग्याचा. दोन मिनटं बघत उभारला आणि म्हणाला, सायेब, हेंडगा असा धरत नसतेत, हात भाजंल. द्या इकडं.

जालनेकर
=))

मांजराकाठ
हे आईला वाचून दाखवलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.

ग्रहणवाले
अवांतर आहे पण सांगतोच. २०१९ ला २६ डिसेंबरला येळवस आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आलतं. सकाळी आठपासनं अकरापर्यंत ग्रहण. आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या. थोरली काकू म्हणे रात्रीतून सैपाक उरकायचा आणि तुळशीचं पान टाकून ठेवायचं. आई म्हणे ग्रहणातलं शिळं रानाला दाखवायचं का, सुटल्यावर आंघोळ करूनच चूल पेटवायची. आई जिंकली. कोप बांधून आम्ही सगळे रानात सकाळपासनं उपाशी, आणि पाट्या आल्या साडेतीनला. चुलते बांधावर बसून म्हणत होते, सूर्याला राहूनं गिळलं, मला कुणी गिळायला देईना. भूक लागल्यावर भज्जी कशी लागते हे त्या दिवशी कळलं, शब्द नाहीत.

पेंढी
सगळं वाचलं. मजा आली. पण एक लिहायचंय, राग मानू नका.

माझा आजा सालगडी होता. गुढीपाडव्याला साल ठरायचं. येळवशीच्या आदल्या दिवशी कडबा तो वाहून आणायचा, कोप तो बांधायचा, दगड धुऊन चुना तो लावायचा. मालक दुसऱ्या दिवशी अकराला जीपमधून यायचे घरच्यांना घेऊन. पूजा त्यांची. जेवण आम्हाला मिळायचं, नाही म्हणणार नाही, पोटभर मिळायचं, पण बांधाच्या पलीकडं आणि सगळ्यांचं झाल्यावर. येळवशीला जातपात नसते, सगळे एका पंगतीत, असं दरवर्षी येळवशीच्या पोस्टीत वाचतो तेव्हा मला तो बांध दिसतो. आता तसं राहिलं नाही हे पण खरंय. मी स्वतः त्याच घरच्या नातवाच्या ताटाशेजारी बसून जेवलोय दोन वर्षांखाली.

एक गंमत मात्र होती. चर शिंपायचं काम आज्याकडंच असायचं. कारण मालकाला रानाच्या कडा माहीत नव्हत्या. कुठून सुरू होतं, कुठं ओढ्याकडं वळतं, शेजाऱ्यानं कुठं नांगराचे दोन तास (ओळी) आत सरकवलेत, हे आज्याला पायानं पाठ होतं. मालक कोपीजवळ घोंगडीवर बसायचे आणि आजा रानभर फिरून यायचा ओलगे ओलगे करत. घरी आल्यावर आजी विचारायची, झाली का आपल्या रानाची फेरी? आपल्या म्हणायची ती.

तर मांजराकाठ दादा, शेत नसलेल्यानं येळवस कशी करायची हे आम्हाला विचारा. आमचं कधीच नव्हतं.

उदगीरवाली
पेंढी, बरं झालं लिहिलंत. ते पंगतीचं वाक्य मी लिहिता लिहिता राहिले होते, खोटं नाही सांगत.

मांजराकाठ
पेंढी दादा, काय लिहू कळेना. आमचं पण मोठं रान होतं आज्याच्या काळी, आणि आमच्याकडं पण एक सालगडी बाबा होते. चर तेच शिंपायचे, हे तुमचं वाचून आठवलं. नाव आठवायला मला आईला विचारावं लागलं. आईनं लगेच सांगितलं.

पत्र्याचंघर
मी या ग्रुपवर फक्त वाचत असतो. किल्लारीजवळचा आहे, गावाचं नाव सांगत नाही.
३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. गणपती बोळवून सगळे झोपलेले, पहाटे चारच्या आधी झालं ते. त्यावर परत लिहीत नाही. पुढची येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये. गाव नव्हतं पण रान होतं, ते कुठं जाणार. कोप बांधायला घरात बाप्या माणूस राहिला नव्हता. आजी म्हणाली चल, आणि आम्ही दोघंच गेलो. मी येताना गावातून पाच दगड उचलून आणले, दगडाला काय तोटा, माळवदं पडून सगळीकडं दगडच होते. आजीनं ते बघितले आणि म्हणाली, घराचे नको. रानातलेच बघ. मग मी बांधावरचे पाच आणले. कोप नाही, भज्जी नाही, दुधात भाकरी कालवून ठेवली. आरोळी द्यायला मला सांगितलं. मी एकटाच वरडलो. पलीकडच्या रानातून कुणीतरी उत्तर दिलं. कोण होतं अजून माहीत नाही.

गच्चीवर करायची का नाही मला सांगता येणार नाही दादा. पण दगड रानातले घ्या.

ग्रहणवाले
🙏

उदगीरवाली
हे वाचून लगेच काही लिहिणं जमलं नाही, आज लिहिते. मांजराकाठ दादा, नव्या मालकाला सरळ फोन करा. येळवशीला दुसऱ्याच्या रानात जेवायला जायला काय आमंत्रण लागतं का? आपण तर रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून बसवतो. तुम्ही तर चाळीस वर्षं त्या रानात जेवलेले. नाही म्हणला तर माणूस कसा आहे ते तरी कळंल.

मांजराकाठ
तेच अवघड आहे ताई. विकलेल्या रानात कसं तोंड घेऊन जायचं. बघतो.

उजेडात
लाज कशाची, चोरून विकलं का. जा की.

मांजराकाठ
येळवस झाली. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

फोन मी केलाच नाही शेवटी. आईनं केला, मला न सांगता, नंबर बहिणीकडून घेऊन. तो पोरगा शेजारच्या गावचा, तिशीचा असंल. म्हणला मावशी, या की, सैपाक तेवढा आणू नका, नाहीतर आमची मंडळी रागवंल. आईनं तरी आंबील नेलंच. पुण्याहून गाडीत मांडीवर स्टीलची बरणी धरून बसली होती, झाकणाला फडकं बांधून. नळदुर्गाच्या आसपास बरणी फुसफुसायला लागली आणि गाडीभर आंबट वास. माझी पोरगी नाक दाबून, आई मात्र शांत. म्हणे चांगलं आंबलंय.

रानात गेलो तर काही ओळखू येईना. त्यानं जेसीबी लावून मधले बांध काढून टाकलेत, आमचं आणि शेजारचं एक केलंय, ऊस लावलाय, गुडघ्याएवढा आलाय. कोप विहिरीजवळ बांधलेली. कडबा विकत आणलेला, ज्वारी कुणी पेरतंय आता, सगळं सोयाबीन नाहीतर ऊस. आत पाच नवे दगड, चुना अजून ओला.

आईनं विचारलं, आमचे पांडव कुठं गेले? पोरगा गडबडला. म्हणला मावशी, जेसीबीत गेले असतील, मला काय माहीत नव्हतं. आई काही म्हणली नाही, विहिरीच्या कडेला बांधाचा सगळा धोंडा ढीग करून टाकलेला, तिथं जाऊन बसली. एकेक दगड उलटा करून बघूलाली. मला वाटलं आता ही इथंच रडणार. पंधरा मिनटांनी हाक मारली. नारळाएवढा दगड हातात. पांढरा कसला, मातीनं काळा झालेला. नखानं खरवडला तर चुन्याचा पापुद्रा निघाला, त्याच्याखाली लालसर काव, त्याखाली परत चुना, परत काव. कांद्यासारखं. किती वर्षांचं कुणास ठाऊक. सालगडी बाबांनी लावलेला चुना पण त्यात कुठंतरी असणार पेंढी दादा, तेव्हा मला तुमचीच आठवण आली.

असे तीन सापडले. दोन नाही सापडले. त्या पोराच्या बायकोनं ते तिन्ही धुतले, चुना लावला आणि आपल्या पाचाशेजारी ठेवले. कुणी काही विचारलं नाही, चालतं का, शास्त्रात बसतं का. आठ पांडव झाले.

चर शिंपायला पोरानं आईलाच बिंदगं दिलं. आई पुढं, मी मागं, पोरं वरडतायत. ती कडेनं जायचं सोडून मधेच उसात शिरली. मी म्हणलं आई, अगं बांध तिकडंय. ऐकेना. सरळ गेली आणि एका जागी डावीकडं वळली, परत सरळ, परत वळली. तेव्हा कळलं की ही जुन्या साडेतीन एकराचीच फेरी मारतेय. बांध नाही, काही खूण नाही, पाय बरोबर तिथंच वळतायत. पोरगा कोपीजवळून बघत होता. मागून त्यानं राहिलेल्या रानाची फेरी मारली.

चिंचगूळ
आठ पांडव. वा.

तेरणाकाठचा
मांजराकाठ, आईंना नमस्कार सांगा.

पेंढी
दादा, कोप कुणी बांधली होती?

मांजराकाठ
त्यांचा गडी आहे, त्यानं. पंगतीत आमच्या शेजारीच होता, मुद्दाम बघितलं मी. मलाही वाटलं हातभार लावावा म्हणून एक पेंढी परत आवळून बांधली, तर तीच सुटली आणि कोप कलली. गडी म्हणला, राहू द्या सायेब.

पेंढी
:) राहूच द्या.

सीमाभागी
सगळे भावुक झालेत तर मी एक हिशोब मांडतो. तेरणाकाठचे साहेब, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. पुढची येळवस ७ जानेवारी २०२७ ला. मृगानंतरच्या अमावस्या मोजा आता. आठ भरतात. सात कुठं गेले तुमचे?

तेरणाकाठचा
अधिक महिना धरत नसतेत.

सीमाभागी
रान धरतंय ना पण. त्याच्या पोटात आठच महिने होतात.

तेरणाकाठचा
आठ पांडवांना आठ महिने. तीळ खा आणि गप बसा.

जालनेकर
७ जानेवारी लिहून ठेवली. कुणाच्या रानात यायचं तेवढं सांगा, घोंगडं आणतो. आणि चिंचगूळ काका, चिंच किती घ्यायची ते राहिलं.

चिंचगूळ
किती माणसं आहेत त्यावर आहे. आधी रान ठरू द्या.